रामदासपेठेतली भरती

भरती : दुपारी १२.१०. पातळी : बरोबर. शेरा : काही नाही.

‘काही नाही’ असं नोंदवहीत लिहून संघपालनं पेन खिशाला लावला, आजूबाजूला पाहिलं आणि चार नंबरच्या पेटीत लोटाभर पाणी ओतलं. माठातलं, गारेगार. पेटीतलं गवत काही बोललं नाही. पण मे महिन्यात नागपुरात कोण बोलतं?

रामदासपेठेतल्या एका संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला ही काचेची खोली होती. आत चार काचपेट्या, पेट्यांत कोकणातल्या खाडीकाठचा काळा चिखल, चिखलात खारं गवत. ही खारी दलदल हवेतला किती कार्बन गिळते आणि कुठला वायू किती परत सोडते, हे मोजायचं काम पायल मॅडमचं. पेटीवर पारदर्शक झाकण बसवलं की आतली हवा नळीतून यंत्रात जाई आणि पडद्यावर रेघ उमटे.

भरती आणायचं काम संघपालचं.

खऱ्या समुद्राला दिवसाला दोन भरत्या असतात. केंद्राला एकच मंजूर झाली होती. टाकीत समुद्री मीठ कालवायचं, पंप लावायचा, पाणी खुणेपर्यंत चढवायचं आणि तासाभरानं उतरवायचं. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरके, म्हणून संघपालचं जेवणही सरके. संध्याकाळचे साडेपाच ओलांडले की तो सकाळच्या भरतीवर उडी मारी. चार वर्षांत रविवार नाही, सण नाही. आणि या चार वर्षांत काय, जन्मात कधी त्यानं समुद्र पाहिला नव्हता.

त्याच्या आईची, बायजाबाईची मात्र कुणी मुलाची चौकशी केली की मान ताठ होई. "समुद्रावर हाय," ती सांगे. कुठल्या, म्हणून विचारलं तर त्याच सुरात, "रामदासपेठेतल्या."

भरती : दुपारी १.००. पातळी : बरोबर. शेरा : ऊन.

लोट्याचं असं झालं. पारा सेहेचाळीसवर गेला आणि पश्चिमेच्या भिंतीलगतची चार नंबरची पेटी पिवळी पडायला लागली. घरी जेवताना संघपालनं ते सहज सांगितलं. बायजाबाई दर उन्हाळ्यात दारासमोर दोन माठ मांडून पाणपोई चालवी. कुत्र्याला वेगळं भांडं, चिमण्यांना वेगळं. तिचा घास हातातच राहिला.

"रोज खारंच पाजता का गा त्याले?"

"समुद्राचं गवत हाय, आई. त्याले थेच लागते."

"समुद्राचं असंल. राहून राहिलं तं नागपुरात नं?"

दुसऱ्या दिवशीपासून लोटा सुरू झाला. नोंदवहीत लोट्याचा रकाना नव्हता, म्हणून तो कुठं लिहिलाही गेला नाही.

भरती : सकाळी ९.४०. पातळी : बरोबर. शेरा : मॅडम खूश.

एवढी वर्षं पायल मॅडमची मिथेनची रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट होती. ती चार नंबरला एकाएकी उठली आणि उठतच गेली. मॅडमनी चारदा यंत्र तपासलं, दोनदा संघपालला पेढे खिलवले. उन्हाच्या तडाख्यानं खारी दलदल मिथेन सोडायला लागते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आता खुद्द खाडीवर जाऊन तो पडताळायचा होता. दोन माणसांची परवानगी आली आणि दुसरं नाव मॅडमनी संघपालचं लिहिलं. आठवडाभर भरती चौकीदार दुर्गेश देणार होता.

मडगावच्या गाडीची दोन तिकिटं निघाली. संघपालला खालचा बर्थ मिळाला, खिडकीजवळचा.

त्याला समुद्राची लाटबिट पाहायची नव्हती. त्याला एवढंच पाहायचं होतं की पंप नाही, नळी नाही, कुणी शेरा लिहीत नाही, तरी पाणी वेळेवर वर कसं येतं.

भरती : सकाळी १०.३०. पातळी : बरोबर. शेरा : काही नाही.

त्या दिवशी चहा पिताना मॅडम खुशीत समजावून सांगू लागल्या. मिथेन बनवणारे जिवाणू चिखलात असतातच, पण समुद्राच्या पाण्यातले क्षार त्यांना डोकं वर काढू देत नाहीत. गोडं पाणी मिळालं तर तेच जिवाणू उधळतात. आता आपण काही गोडं पाणी देत नाही, तेव्हा हे उन्हाचंच काम.

संघपालनं अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला.

भरती : सकाळी ११.२०. पातळी : बरोबर. शेरा : काही नाही.

भरती : दुपारी १२.१०. पातळी : बरोबर. शेरा :

हा शेरा त्याच्यानं लिहवेना. घरी बायजाबाईनं प्रवासाला म्हणून पातेलंभर चिवडा केला होता आणि अर्ध्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. गप्प राहिलं तर चार दिवसांनी समुद्र. बोललं तर बहुधा नोकरीही नाही. पेन टेबलावर ठेवून तो मॅडमच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चार नंबरचं गर्मीनं नाही झालं जी. माझ्यानं झालं."

मॅडमना कळेना. त्यानं हातानं लोट्याचा आकार करून दाखवला आणि ओतून दाखवलं.

मॅडम इंग्रजी शाळेत शिकलेल्या, मराठी बोलायच्या ती पुस्तकी. पण त्या क्षणी ‘का’ऐवजी त्यांच्या तोंडून निघालं, "काहून?"

"तहान लागली असंल म्हटलं."

किती दिवस, मॅडमनी विचारलं. एकोणचाळीस, तो म्हणाला; आणि एका दिवशी फारच ऊन होतं म्हणून दोन लोटे. मॅडमनी लिहून तयार झालेले कागद उलटे करून ठेवले. मग त्यांना हसू आलं, ते थांबेना म्हणून त्या तोंड धुऊन आल्या.

खाडीवर त्यांना जावंच लागणार होतं, चार नंबरसाठी नवा चिखल आणायला.

"दुर्गेशनं लोटा ओतला असता तर सांगितलं असतं का त्यानं?" त्यांनी विचारलं.

संघपालनं प्रामाणिकपणे विचार केला. "दुर्गेश लोटा नाही ओतणार जी. तो भरतीच नाही देणार. शेरा मात्र बरोबर लिहील."

"म्हणूनच सांगते. उरलेल्या तीन पेट्या मी आता तुमच्याशिवाय कोणाच्या हातात देणार नाही."

नोकरी राहिली आणि समुद्र गेला, दोन्ही एकाच वाक्यात. नेमकं कसलं तोंड करावं ते न कळून संघपाल "बरं जी" म्हणाला.

भरती : दुपारी ३.३०. पातळी : अजून यायची आहे. शेरा : स्टेशनवर जाऊन येतो.

चार नंबरचा चिखल कुठं टाकायचा हा प्रश्न उरला. माळी रुपरावनं तो बागेत घ्यायला साफ नकार दिला. खाऱ्या मातीनं गुलाब मेले तर साहेबांना तो काय सांगणार होता? गटारात टाकायला संघपालचा हात धजेना. शेवटी मॅडम म्हणाल्या, आणला तिथंच नेऊन सोडते. संघपालनं प्लॅस्टिकचं अस्तर लावून तो गोणीत भरला आणि गोणीचं तोंड शिवलं. गवताचे चार तुरे मात्र बाहेर ठेवले, श्वास कोंडू नये म्हणून.

दोन नंबर फलाटावर गाडी लागली होती. दुसरं तिकीट रद्द करायचं राहूनच गेलं होतं. त्यानं गोणी उचलून मॅडमच्या मागोमाग डब्यात नेली आणि खालच्या बर्थवर नीट आडवी ठेवली. कलंडू नये म्हणून खांद्यावरचा दुपट्टा घडी करून तिच्या बुडाशी सारला.

समोरच्या प्रवाशानं नाक मुरडून विचारलं, "ही सीट कोणाची हाय गा?"

"माझी," संघपाल म्हणाला. त्यानं गवताचं तोंड खिडकीकडे केलं आणि गाडी सुटायच्या आत खाली उतरला.