चिल्ला संपेपर्यंत

दादा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते फक्त टोमॅटोबद्दल बोलले.

"मुकद्दस, चिल्ला संपेपर्यंत चटया काढायच्या नाहीत. संपला की दुसऱ्या दिवशी काढ, म्हणजे ऊन लागून फळं पिकतील. खायची नाहीत हं. बियाण्याची आहेत."

"तुम्हीच काढा ना," मी म्हटलं. ते नुसते हसले.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. काराकुलच्या टोकाला, जिथे कालव्याचं पाणी संपतं आणि किझिलकुमची वाळू सुरू होते, तिथे त्यांचा बारा सऱ्यांचा तुकडा आहे. जमीन खारी. जूनमध्येच टोमॅटोची फुलं वाळून गळतात. त्यातून जे झाड तगेल त्याचंच बी दादा धरत आले, तीस वर्षं. या साली छातीच्या दुखण्यामुळे रोपं उशिरा लागली. डबीतलं बी त्यांनी शेवटच्या दाण्यापर्यंत पेरलं होतं आणि बहुतेक रोपं मेली. जगलेल्यांवर नऊ फळं धरली. त्यांचं सगळं बियाणं आता त्या नऊ हिरव्या फळांत होतं, बोरूच्या चटयांच्या सावलीत.

अकरा जूनला दादा गेले. चिल्ला, म्हणजे सुतकाचे चाळीस दिवस, मी ताश्कंदच्या ग्रंथालयातून रजा काढून राहिले. मला बसवत नव्हतं. बायका सांत्वनाला यायच्या, मी चहा ओतायची आणि मधेच उठून शेतात जायची. चटईखाली वाकून नऊ मोजायची, परत यायची. पुस्तक आणलं होतं. त्याचं एकच पान मी कितीदा वाचलं असेन.

"अगं, बूड टेक जरा," हमरो आत्या म्हणायची. दादांची ही थोरली बहीण. "भोवऱ्यासारखी काय फिरतेस? लोक म्हणतील, बाप गेला नाही तोच हिला गाडीची घाई."

घाई गाडीची नव्हती. कशाची होती ते मलाही सांगता आलं नसतं. दादांचं एक शेवटचं काम माझ्याकडे होतं आणि त्याचा दिवस लवकर येत नव्हता.

वीस जुलैला चाळिसावा झाला. गल्लीने पुलाव खाल्ला, दुवा मागितली. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मी चटया सोडल्या, एकेक गुंडाळून भिंतीला लावली. आत्या दारात उभी होती. "बापाचा शब्द राखलास, पोरी," ती म्हणाली आणि डोळे पुसत तंदूर पेटवायला गेली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा मी बसून भाकरी खाल्ली. मग आडवी झाले ती झोपलेच.

जाग आली ती जुराकुलकाकांच्या ओरडण्याने. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या तेच लावतात.

"हे काय केलंस, बये? लेकरं नागडी टाकलीस उन्हात!"

ऊन डोक्यावर आलं होतं. मी अनवाणीच धावले.

"चिल्ला संपला ना, काका. काल. दादांनीच सांगितलं होतं."

"कुणाचा संपला?"

"दादांचा."

काका फावड्यावर रेलले. "अगं शहाणे, तुझा बाप योल्दाश स्वतःच्या चिल्ल्याचं कशाला बोलेल? उन्हाळ्याचा चिल्ला, कडक उन्हाचे चाळीस दिवस! पंचवीस जूनला बसला, पाच ऑगस्टला उठेल. अजून पंधरा दिवस आहेत. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात हे नव्हतं?"

"सुतकाच्या घरात दुसरा कुठला चिल्ला आठवणार, मेल्या?" आत्या मागून कडाडली. "बोलतोस काय, चटया धर!"

तिघांनी मिळून चटया पुन्हा बांधल्या. बोरू इतका तापला होता की हाताला चटके बसत होते. मी पाटाकडे वळले तर काकांनी हात आडवा घातला. "आत्ता पाणी नको. मुळं शिजतील. ऊन उतरल्यावर माझी पाळी घे."

सहा फळांवर पांढरे फोड आले होते, भाजल्यासारखे. दाबून बघितलं तर आत मऊ. त्यांतलं बी अजून कोवळं होतं, गेलं. तीन फळं पानांच्या आड होती. ती वाचली.

मला दादांचा राग आला. ते वाक्य मी चाळीस दिवस निरोपासारखं जपलं होतं. स्वतःच्या मरणानंतरचे दिवस मोजून त्यांनी माझ्या हाती दिलेत, असंच मला वाटत होतं. आणि ते हवामान सांगत होते. पण मग 'काढ' असं मलाच का म्हणाले? पाच ऑगस्टला आपण नसू, हे त्यांना कळलं होतं का? काकांना विचारलं.

"त्याला टोमॅटो कळत होते," काका म्हणाले. "बाकीचं मला काय विचारतेस?"

दुपारी मी ताश्कंदला फोन करून रजा वाढवली. काय कारण लिहू, असं तिकडून विचारलं. घरचं काम, मी म्हटलं.

ऊन पश्चिमेला कलायला लागलं तशी सावली फळांवरून सरकली. दादा चटई कशी वळवायचे ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मी एका बाजूची दोरी सोडली, चटई तिरकी केली, लांब जाऊन पाहिलं. मधलं फळ अजून उन्हात होतं. पुन्हा सोडली.

"मुकद्दस, जेवायला ये गं!" आत्याने हाक मारली.

"आले," मी म्हटलं, आणि गाठ दोन बोटं खाली घेतली.