घराच्या खोडी

गिरणीत एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. मागावरून उतरलेलं कापड उजेडासमोर ताणून धरायचं आणि त्यातला दोष शोधायचा. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा शिंतोडा, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटत नसे. विणकर त्यांना टरकून असत आणि मालकही जरा जपूनच बोलत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना तपासनीसबाईच म्हणत.

अशा बाईच्या घरातले दोष झाकायला मुलानं एक सजावटवाली पाठवली.

घर विकायचं ठरलं ते जिन्यामुळे. तपासनीसबाई जिन्यावरून घसरल्या, पाय दोन महिने प्लास्टरमध्ये गेला, आणि दुसऱ्या शहरातून धावत आलेल्या मुलानं त्यांच्या उशाशी बसून निकाल दिला, "आई, आता पुरे. माझ्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होतायत. हे घर विकू." दुखण्यानं बेजार झालेला माणूस कशालाही हो म्हणतो. त्याही म्हणाल्या. पुढे पाय बरा झाला, हो मात्र तसाच राहिला.

सजावटवाली आली ती टेम्पो आणि दोन हमाल घेऊनच. दारातच तिनं घराला नाक मुरडलं आणि मग गोड हसून म्हणाली, "काकू, गिऱ्हाईक नुसतं घर घेत नाही हो, तिथलं आपलं पुढचं आयुष्य घेतं. तुमचं आयुष्य मध्ये आलं की त्याला त्याचं दिसत नाही."

"मग माझं ठेवायचं कुठे?"

"गोदामात. खोकी आणलीयेत मी."

चार दिवसांत घराचा कायापालट झाला. शिवणयंत्र गेलं, नवऱ्याचा फोटो गेला, पाय वर घेऊन बसायची खुर्ची गेली. भिंती पांढऱ्याफटक झाल्या. टेबलावर काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं आली, ती प्लास्टिकची. कोपऱ्यात लांब मानेचा पितळी दिवा येऊन उभा राहिला. जेवणाच्या टेबलावर चार माणसांची ताटं, पेले, घडी घातलेले रुमाल मांडले गेले. पलंगावर सात उशा आल्या.

"आणि मी झोपू कुठे?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"कडेला झोपा ना. सकाळी उठलात की उशा याच क्रमानं लावायच्या. मी फोटो काढून देते."

मांडामांड बिघडू नये म्हणून तपासनीसबाई मोरीजवळ उभ्यानं जेवू लागल्या. घर इतकं राहण्याजोगं झालं की त्यात राहायची सोयच उरली नाही.

खऱ्या दोषांना मात्र कोणी हात लावला नव्हता. ते दोष म्हणजे नवऱ्याची करणी. तो टपाल खात्यात कारकून होता, पण हौस सुताराची, नळवाल्याची आणि वायरमनची, तीही एकदम. घरात परका कारागीर येऊ द्यायचा नाही हा त्याचा बाणा. त्यामुळे घरातली एकही वस्तू सरळ वागत नसे. चार वर्षांपूर्वी तो गेला, खोडी मागे राहिल्या. सजावटवालीनं त्यांतल्या काहींपुढे कुंड्या ठेवल्या, काहींवर चित्रं टांगली, आणि झाकली मूठ तशीच ठेवली.

रविवारी सकाळी अकरा वाजता पहिलं गिऱ्हाईक यायचं होतं. दलालानं बजावलं होतं, "काकू, मालक समोर असला की लोक मोकळेपणानं बघत नाहीत. तुम्ही तासभर बागेत बसा." तपासनीसबाई बागेत जाऊन बसल्या. बाकावर बसल्यावर लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. पेपर वाचता येईना. दहा मिनिटं त्यांनी झाडांकडे पाहिलं, मग उठल्या आणि घरी परतल्या.

दलाल फाटकापाशी पाठ करून फोनवर तावातावानं बोलत होता. दार सताड उघडं. आत एक जोडपं उभं होतं. पन्नाशीच्या अलीकडची दोघं. बाईच्या अंगात परिचारिकेचा कोट होता, रात्रपाळी करून तशीच आलेली असावी. नवऱ्याच्या खिशाला बसचालकाचा बिल्ला. तो मीटर-टेपनं खिडकी मोजत होता आणि ती त्या पितळी दिव्याकडे टक लावून बघत होती.

"अहो, हा दिवा आपण बघितलाय," ती म्हणाली. "मागच्या रविवारच्या घरात. ही सफरचंदंसुद्धा." मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. "तुम्हीपण घर बघायला आलात का, काकू?"

तपासनीसबाईंनी आयुष्यात कधी सदोष कापडावर निर्दोष म्हणून शिक्का मारला नव्हता. पण त्या क्षणी त्यांना समोर गिऱ्हाईक दिसलं, गोदामातली खोकी दिसली, तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या दिसल्या. ही माणसं इथून पळाली तर किती बरं होईल, असं मनात आलं. त्या म्हणाल्या, "हो."

"कसं वाटलं?"

"घर? दोषांचं कोठार आहे नुसतं," तपासनीसबाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी नळ दाखवला. "हा उजवीकडचा. थंड वाटेल, पण यातून गरम येतं. हात भाजेल." परिचारिकेनं नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. "मात्र एक आहे," तपासनीसबाईंना राहवलं नाही, "पाणी पहिल्या धारेला कढत. बादलीभर पाणी वाया घालवत थांबावं लागत नाही."

मग त्यांनी बैठकीतलं निळं चित्र बाजूला सरकवलं. मागे ताटाएवढा पिवळट डाग. "ही बघा, ओल!"

बसचालकानं भिंतीला हात लावला. "कोरडी आहे की."

"आता कोरडीच असणार. शेजारचा पाइप फुटला होता, तो बदलून झाली नऊ वर्षं. डाग तेवढा राहिला." बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली.

जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांहून दोन बोटं उंच आहे, हे सांगितलं. त्याच दमात, कठड्याला अस्सल सागवान आहे आणि धरून चढलं तर काही होत नाही, हेही सांगितलं. मागच्या खोलीची खिडकी उघडत नाही म्हणाल्या, आणि लगेच ती खालून किंचित उचलून उघडून दाखवली. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण बाहेर, दाराच्या मागे, हा तर मूर्खपणाचा कळस. "पण आत कुणी बसल्या बसल्या झोपलंय का, ते बाहेरून दिवा घालवला की कळतं," त्या म्हणाल्या, आणि परिचारिका इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं झालं होतं. दुसऱ्याचं कार्टं म्हणून घराला नावं ठेवायची ठरवली, पण तोंडातून माया सुटत होती.

"काकू," बसचालक टेप गुंडाळत म्हणाला, "हे आमचं एकोणिसावं घर. अठरा घरांत एकालाही दोष नव्हता. सगळी अशीच पांढरी, अशाच उशा. राहायला गेल्यावर काय काय निघेल या भीतीनं आम्ही एकही घेतलं नाही. इथे निदान काय काय निघणार ते कळलं."

"आणि एवढं सगळं दिसूनही तुम्ही घेणारच आहात ना?" परिचारिकेनं विचारलं.

इथं नाही म्हटलं असतं की काम झालं असतं. पण इतक्या वर्षांच्या संसाराला नाही कसं म्हणणार? तपासनीसबाईंची मान ताठ झाली. "मी? मी तर डोळे मिटून घेतलं असतं!"

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात दलाल आत आला आणि मालकिणीला पाहून त्यानं आ वासला. तपासनीसबाईंनी गिरणीतल्या जुन्या नजरेनं त्याच्याकडे बघितलं. गडी मुरलेला होता. त्यानं आ मिटला आणि म्हणाला, "या बाईंना घर फार आवडलंय. उद्या निरोप देते म्हणाल्यात."

"आम्ही आज देतो," परिचारिका म्हणाली.

मुलाला फोनवर आनंद मावेना. "बघ आई! सजावट ती सजावट! पहिल्याच गिऱ्हाइकाला भुरळ पडली." सजावटवालीनं घराचे फोटो आपल्या जाहिरातीत टाकले आणि खाली लिहिलं, "एका तासात विक्री." तपासनीसबाई कुणालाच काही बोलल्या नाहीत. पळवून लावायला गेलेल्या बाईनं स्वतःच्या हातानं घर विकलं, हे सांगणार कोणत्या तोंडानं?

कागदांवर सह्या करायला वकिलाच्या कचेरीत जायच्या दिवशी त्या आधी पोचल्या आणि घरमालकासाठी मांडलेल्या खुर्चीत बसल्या. जोडपं आत आलं. परिचारिका उंबऱ्यातच थबकली. दलालाला एकाएकी खोकला सुटला.

"म्हणजे घर तुमचंच?" बसचालकाचा चेहरा लाल झाला. "आम्हाला फसवलंत तुम्ही!"

"मी सांगितलेला एक तरी दोष खोटा होता का?" तपासनीसबाईंनी विचारलं. आवाज मात्र रोजच्यासारखा खणखणीत नव्हता. "तुम्ही घेऊ नये म्हणूनच सांगत होते. मला विकायचं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं केलंय ते सगळं. वाईट केलंय, पण त्यानं केलंय."

वकिलानं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

परिचारिका त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "आता सांगा काकू, विकायचंय की नाही? नसेल तर आम्ही जातो. विसावं घर बघू."

सगळ्या प्रकरणात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मुलानं विचारला नव्हता, दलालानं नाही, सजावटवालीनं तर नाहीच. तपासनीसबाईंना जिना आठवला, पाय आठवला, रिकाम्या घरातली चार ताटं आठवली. "विकायचंय," त्या शेवटी म्हणाल्या. "पण त्या खिडकीला सुतार लावलात तर मला सांगू नका."

सह्या झाल्या.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या नव्याकोऱ्या होत्या. दारं बिनआवाजी लागत. मुलगा रोज संध्याकाळी येऊन बसे, नातू अभ्यासाला येई, आणि तरीही दुपारी तपासनीसबाई भिंतींवरून हात फिरवत हिंडत. महिनाभर त्यांना एकही दोष सापडला नाही. त्यांचं वजन कमी झालं.

मग एके दिवशी परिचारिकेचा फोन आला. तिच्या धाकट्या बहिणीला घर घ्यायचं होतं, रविवारी तीन घरं बघायची होती. "सगळी चकाचक आहेत हो काकू. आम्हाला काही कळत नाही. तुम्ही याल का बरोबर?"

"मी कोण म्हणून येऊ?"

"गिऱ्हाईक म्हणून. तुम्हाला जमतं ते."

तपासनीसबाईंनी आधी चष्मा कुठे आहे ते पाहिलं, मग विचारलं, "किती वाजता?"