बारा हजार फुटांवरचा खलबत्ता

मित्रांनो, मी एक जुना बो आहे. बो म्हणजे धनुष्यच, पण चित्रातल्यासारखा नुसता वाकवलेला बांबू नव्हे. माझ्या दोन्ही टोकांना चाकं आहेत, त्यांवरून दोरी फिरते, आणि मला पुरता ओढायला साठ पौंडांचा जोर लागतो. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावी एका गॅरेजात, सायकलींच्या वर, मी खिळ्याला टांगलेला असतो. मी खोटं बोलत नाही. थोडं ताणतो. पण ताणणं हा माझा जन्मभराचा धंदा, तेव्हा तेवढं तुम्ही चालवून घ्याल.

माझा जन्म कारखान्यात झाला. चाचणीच्या पहिल्याच बाणाला मी समोरची भिंत, तिच्यामागचं कँटीन आणि मॅनेजरच्या हातातलं सँडविच आरपार भेदलं, असं मी बरीच वर्षं सांगत असे. खरं म्हणजे बाण भिंतीआधीच्या गवताच्या गठ्ठ्यात रुतला. माझा पहिला मालक एक निवृत्त पोस्टमन होता. त्याने दोन हिवाळे मला हरणांमागे फिरवलं, मग त्याचा खांदा दुखू लागला आणि मी ख्रिसमसच्या प्लॅस्टिकच्या झाडामागे जाऊन पडलो. पाच वर्षं कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. दोरी सुकली. दोरी सुकली की बो मुका होतो, मित्रांनो.

२००२ च्या उन्हाळ्यात त्या घरी गॅरेज सेल लागला आणि तिथे प्रताप आला. मूळ भोरकडचा. सनीव्हेलमधली नोकरी आदल्या वर्षी गेली, म्हणून बायको गिरिजा आणि लहानगी निधी यांना घेऊन इथल्या चिप कंपनीत नवा रुजू झालेला. आला होता टेबल लॅम्प बघायला. मला उचललं, ओढायला गेला, आणि अर्ध्यावरच त्याचे दोन्ही हात असे थरथरले की शेजारच्या टेबलावरच्या कपबशा वाजल्या.

गिरिजा म्हणाली, "यार प्रताप, लॅम्प घ्यायला आलोय ना आपण?"

"हो, पण हे बघ ना!" असं म्हणून त्याने मला जो छातीशी धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. लॅम्प राहिलाच.

आता त्याच्या वेडाविषयी सांगतो. इथल्या उंच कड्यांवर बिगहॉर्न नावाचे डोंगरी मेंढे राहतात. ज्या धारेवर तुम्ही आम्ही पोटावर सरपटू, तिथे ते एका पायावर उभे राहून मान खाजवतात. शिंगं कपाळापासून मागे जाऊन गालापर्यंत वळलेली. नजर अशी, की मैलभरावरून तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसावं. प्रतापने एकदा दुर्बिणीतून असा एक मेंढा पाहिला आणि त्याला दुसरं काही सुचेना. पण त्यांच्या शिकारीचे परवाने मोजके, सोडतीने मिळणारे. त्यासाठी आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा सक्तीचा वर्ग करावा लागतो. प्रताप तिथे दहा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये, गुडघे हनुवटीला लावून लहानशा बाकावर बसला आणि पोरांच्या बरोबरीने परीक्षा पास झाला. मग दरवर्षी अर्ज करू लागला. पाचव्या अर्जाला, २००७ च्या वसंतात, परवाना आला.

त्या दिवशी त्याने मला ठेवलं, पुन्हा उचललं, आणि म्हणाला, "गाईड घ्यायचा नाही. घोडा नाही. मी, तू आणि डोंगर."

मला तो फार आवडला, मित्रांनो. कारण तो नुसता बोलणारा नव्हता. जुन्या कपड्यांनी गच्च भरलेलं एक पोतं त्याने गॅरेजात टांगलं आणि ऑफिसला जाण्याआधी रोज वीस बाण. गिरिजाचे तीन पंजाबी ड्रेस त्या पोत्यात शहीद झाले. रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन तो आधी धावायचा, छाती भात्यासारखी चालली की मग मला ओढायचा. "वर डोंगरात श्वास असाच असणार," म्हणायचा. तीस यार्डांवर त्याचे बाण बशीच्या आत बसू लागले, चाळीसवर मात्र फाकायचे. म्हणून त्याने माझ्या अंगावर पांढऱ्या पेनने लिहून ठेवलं: तीसच्या पुढे नाही. ते अक्षर अजून आहे.

राहिले पाय. इथला नियम असा, की मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस डोंगरावर टाकून यायचं नाही. जे मारलं ते पाठीवरून खाली आणायचं. तेव्हा प्रतापने आपल्या मोठ्या सॅकमध्ये बासमतीच्या वीस-वीस पौंडांच्या दोन पिशव्या घातल्या, वर पाण्याच्या बाटल्या, आणि दर शनिवारी गावामागची टेकडी चढू लागला. मीही सॅकला बांधलेला. किती वेळात चढला ते तो एक्सेलमध्ये भरायचा.

आणि आलेख काय सुंदर उतरत होता! पहिल्या शनिवारी एक तास पन्नास मिनिटं. तिसऱ्या शनिवारी दीड तास. सहाव्या शनिवारी एक तास पाच! मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, प्रतापने मांडीवर थाप मारून सांगितलं, "पन्नास पौंड पाठीवर, आणि फुलासारखं वाटतं. बॉडी ॲडॅप्ट होते हो, काका!"

मला सगळं माहीत होतं. पण मी पडलो बो. मला बाण सोडता येतो, शब्द नाही.

झालं होतं असं, की मार्चपासून प्रतापची आई, शेवंताबाई, सहा महिन्यांसाठी आली होती. एकदा स्वयंपाकघरातला तांदूळ संपला. ती गॅरेजात आली, सॅक उघडून बघते तर आत तांदूळच तांदूळ. मुलाने इथे कोठार केलंय असं समजून ती रोज सकाळी दोन वाट्या भरून न्यायची. व्यवस्थित बाई. पिशवी रिकामी होऊन सॅक चिपाड दिसू नये म्हणून रिकाम्या जागी एक जुनी चादर आणि दोन उशा कोंबत गेली. गिरिजा मात्र नवलाने म्हणायची, "आई, या वेळी तांदूळ काय पुरवठ्याला आलाय नाही?"

"माझा हातच तसा आहे," शेवंताबाई म्हणायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी धरून प्रताप खऱ्या डोंगरावर पाहणीला निघाला. तांदळाची सॅक घरीच ठेवून दुसऱ्या एका सॅकमध्ये तंबू, स्वयंपाकाचं सामान, दोरखंड, पाणी. खरेखुरे पन्नास पौंड. पहिल्या अर्ध्या तासात तो चार वेळा थांबला. मी मोजत होतो, एकंदर तेवीस वेळा. बाविसाव्या वेळी एक खार शेजारून दोनदा वर जाऊन खाली आली. तेविसाव्या वेळी त्याने सॅक टाकली, दगडावर बसला आणि गुडघ्यांकडे असं बघितलं, जणू ते कुणा दुसऱ्याचे होते. वर मेंढे होते. तिथवर आम्ही पोचलोच नाही.

घरी आल्यावर त्याने तांदळाची सॅक एका हाताने उचलली. ती उचलली गेली! मग त्याने चेन उघडली. उशी बाहेर आली.

"आई! ही उशी इथे काय करतेय?"

"टेकू दिलाय. सॅक पडत होती."

"आणि तांदूळ?"

"खाल्ला."

"कुणी?"

"आरं, तूच खाल्लास की! काल दोनदा घेतलास."

निधी जिन्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "डॅड, यू वर कॅरिइंग पिलोज?" आणि हसून हसून पायरीवरून घसरली. गिरिजाने तोंडाला ओढणी लावली. प्रताप मात्र हसला नाही. मोसमाला जेमतेम सहा आठवडे उरले होते.

पण याच जागी मी त्याला मानलं. आईवर तो ओरडला नाही. एक्सेलमधली सहा आठवड्यांची सगळी माहिती त्याने पुसून टाकली. नव्या पिशव्या आणल्या, त्यांना करड्या चिकटपट्टीचे दहा वेढे दिले, सॅकमध्ये घातल्या आणि वर मराठीत लिहिलं: 'आई, हा तांदूळ खायचा नाही.' आता शनिवारच नव्हे, तर एक दिवसाआड पहाटे टेकडी.

शेवंताबाई दोन दिवस ते अक्षर येता-जाता वाचत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना ती गॅरेजात आली. हातात लोखंडी खलबत्ता. भोरहून कस्टमवाल्यांशी वाद घालून आणलेला, तेरा पौंड वजनाचा. तो तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, सॅकच्या अगदी तळाशी जो वेगळ्या चेनचा कप्पा असतो तिथे रेनकोटाच्या खाली सारला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या वेळी गडावरनं लाकडाची मोळी उतरवायची तर कुणी वजन सांगत नव्हतं. आकडा कळला की माणूस आकड्यापुरताच चालतो. तू बोलू नकोस."

मी कसला बोलतोय!

पुढचे सहा आठवडे प्रताप खचत गेला. तीच टेकडी, तेच पन्नास पौंड, असं त्याला वाटत होतं, आणि वेळ दोन तास दहा मिनिटं. मग दोन तास. मग एक पंचावन्न. त्यापुढे घासाघीस. "माझं वय झालं," तो एकदा मला मेण लावताना पुटपुटला. घरात गिरिजा विचारायची, "आई, खलबत्ता कुठेय? चटणी करायचीय."

"मिळेल की. मिक्सरमधे कर तोवर."

मोसमाच्या आदल्या आठवड्यात प्रताप परवाना परत पाठवायचा फॉर्म घेऊन बसला. परत केला तर इतक्या वर्षांच्या अर्जांनी सोडतीसाठी साठलेले पॉइंट शाबूत राहतात. "मेंढा मारला आणि खाली आणता आला नाही, तर ते पाप मला नकोय," तो म्हणाला.

गिरिजा म्हणाली, "मग पुढच्या वर्षी जा."

शेवंताबाई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वर तर जा. चढवलं नाही, तर बाण सोडू नकोस, खाली ये. न जाताच कसा काय खाली येतोस तू?"

फॉर्म तसाच फ्रिजवर चिकटला. आम्ही निघालो. निघताना त्याने तांदळाच्या पिशव्या काढून तंबू-सामान भरलं. तळाचा कप्पा उघडला नाही, कारण रेनकोट तिथेच राहायचा.

मित्रांनो, जुलैत तेवीस वेळा थांबलेला माणूस ऑगस्टमध्ये तीनदा थांबला! त्यातही एकदा बुटाची नाडी बांधायला. बारा हजार फुटांवर तंबूची जागा आली तेव्हा तो स्वतःच्या पायांकडे पुन्हा तसंच परक्यासारखं बघत राहिला. इतक्यात गारा सुरू झाल्या. रेनकोटासाठी त्याने तळाची चेन ओढली आणि दगडावर ठण्णकन आवाज झाला.

लुगड्याचा तुकडा सुटला. आत खलबत्ता. खलात सुंठ-गुळाच्या वड्यांची पुडी, आणि पुडीचा कागद होता आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशीच्या पेपरचा. म्हणजे म्हातारीने निघायच्या दिवशीही तो आठवणीने आत राहू दिला होता!

प्रताप गारांत बसून हसला. असा हसला की समोरच्या डोंगरावरून दगड कोसळले, दोन दऱ्यांपलीकडच्या अस्वलाने कूस बदलली आणि नदी थोडा वेळ उलटी वाहिली. बरं, नदी नाही. पण हसला. आणि मग डोळे पुसून एक वडी खाल्ली.

पाचव्या दिवशी सकाळी एक मेंढा दिसला. आधी बेचाळीस यार्डांवर. प्रतापने मला अर्धा उचलला, पांढरं अक्षर वाचलं आणि खाली घेतला. मग दोन तास दगडासारखा पडून राहिला. वारा समोरून होता. मेंढा चरत चरत उतारावर आला, चोवीस यार्डांवर आडवा उभा राहिला आणि त्याने शिंगं उन्हात फिरवली. एवढं देखणं जनावर मी पुन्हा पाहिलं नाही. प्रतापचा हात थरथरला नाही. बाण एकच सुटला आणि दुसरा सोडावा लागला नाही. इथे मी काहीही ताणलेलं नाही.

प्रताप बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून बसला. मग हात जोडले आणि कामाला लागला. दोन दिवस, तीन खेपा, ना घोडा ना सोबती. एक तुकडाही डोंगरावर राहिला नाही. तिसऱ्या खेपेला सगळ्यांत वर खलबत्ता होता.

दारात शेवंताबाई उभी होती. मुलाचा काळवंडलेला चेहरा, सोललेले खांदे, सगळं तिने एका नजरेत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माझा खलबत्ता आणलास का?"

"आणला. चोवीस हजार फूट चढवला-उतरवला." तोही माझ्याकडून ताणायला शिकला होता.

"मग आण इकडे. वाटण करायचंय."

त्या संध्याकाळी त्याच खलबत्त्यात खोबरं-लसूण कुटलं गेलं. चिकटपट्टीचे दहा वेढे शेवंताबाईने स्वतः विळीने कापले आणि टेकडी चढून चढून दमलेला तो तांदूळ शिजायला पडला. निधीने तीनदा रस्सा घेतला.

पुढच्या वर्षी प्रतापने नवा, हलका बो घेतला आणि मी खिळ्यावर आलो. तक्रार नाही. फक्त दोन विनंत्या आहेत. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा टांगलेला असेल, तर महिन्यातून एकदा त्याच्या दोरीला मेण लावा, आणि बाण न लावता गंमत म्हणून दोरी सोडू नका. त्याने आमची हाडं मोडतात. दुसरी अशी, की चढण एकाएकी फुलासारखी वाटू लागली, तर आपली पिशवी उघडून बघा. आणि उगाच जड वाटू लागली, तर मात्र इतक्यात उघडू नका. आधी वर जाऊन या.

खलबत्ता शेवंताबाई परत नेणार होती, पण विमानतळावर वजन जास्त भरलं. तो आता माझ्याखालच्या फळीवर असतो. माझ्या गोष्टीत काही खोटं वाटलं, तर त्याला विचारा. तो फार जड आहे. त्याला ताणता येत नाही.