पंचांची खोली

एफी मॅकऑलेला घोर लागला, ही बातमी गावात पसरली तेव्हा तिची थोरली बहीण डोलिना खारवलेले हेरिंग मासे पाण्यात भिजत घालत होती. आमच्या बेटावर माणूस मनापासून देवाकडे वळला की त्याला घोर लागला, असं म्हणतात. ज्याला तो लागत नाही तोही जन्मभर दर रविवारी दोनदा चर्चला जातो, पण येशूच्या स्मरणार्थ भाकर वाटून खातात त्या प्रभुभोजनाच्या मेजाशी बसत नाही.

डोलिना एकसष्ट वर्षांची होती आणि एकदाही बसली नव्हती. मेजावरच्या पांढऱ्या चादरी मात्र सव्वीस वर्षं तीच धूत आणि इस्त्री करत आली होती.

एफीने ग्लासगोत अकरा वर्षं काढली. दोन लग्नं मोडली, दारू पिऊन आईच्या मातीला आली आणि परत गेली. दोन वर्षांपूर्वी एक सूटकेस घेऊन ती डोलिनाच्या दारात उभी राहिली. नोव्हेंबरात तिला घोर लागला आणि मार्चच्या प्रभुभोजनाला बसायचं तिने ठरवलं.

प्रभुभोजन रविवारी असलं तरी गुरुवारपासूनच गावोगावचे पाहुणे घरात उतरतात. शुक्रवारी जेवताना पेगी-मॅरी म्हणून एक म्हातारी एफीला म्हणाली, “सांग की गं, कसं झालं?”

“कसं म्हणजे? बटाटे सोलत होते. एकदम रडूच फुटलं.”

“आणि तुझं गं, डोलिना?”

“मी अजून बटाटेच सोलतेय.”

सगळे हसले. डोलिना भांडी घेऊन आत गेली. बाहेर एफीसाठी प्रार्थना सुरू झाली होती. ती ऐकू येऊ नये म्हणून तिने नळ पूर्ण सोडला.

ज्यांना पहिल्यांदा मेजाशी बसायचं असतं ते शनिवारी दुपारच्या उपासनेनंतर चर्चमागच्या खोलीत पाळक आणि पंचांसमोर परवानगी मागायला जातात. त्या दिवशी उपासना संपवून निघताना एफीने डोलिनाचा हात धरला.

“ताई, बघ किती थरथरतेय मी. दारापर्यंत चल ना.”

“ग्लासगोला जाताना नव्हतीस थरथरत.”

एफी वाटेत आईच्या थडग्यापाशी थांबली. डोलिना थांबली नाही. तिला जे सांगायचं होतं ते एफीच्या आधी सांगायचं होतं. तिने दार ढकललं.

आत पाळक आणि पाच पंच होते. तिला पाहताच सगळे उठून उभे राहिले. शनिवारी त्या दारातून माणूस एकाच कामासाठी आत येतो. सर्वांत म्हातारे पंच टॉर्मॉड टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

“आलीस गं बाय! किती वर्षं मागतोय देवाजवळ. म्हटलं, मी मातीत गेल्यावर येतेस की काय.”

“चुकताय तुम्ही, टॉर्मॉडकाका. मी त्यासाठी नाही आले. एफी येईल आता. तिला घेऊ नका, एवढंच सांगायचंय.”

मग पाळकांनी विचारलं, “का?”

“आईच्या मातीला पिऊन आली होती ती.”

“ते तिनेच सांगितलंय आम्हाला,” टॉर्मॉड म्हणाले. “गेल्या महिन्यात. तिचं राहू दे. तू बस.”

ती उभीच राहिली. “मी एक रविवार चुकवला नाही, काका. वाटायचं, पुढच्या वर्षी लायक होईन. आणि ही काल आली, हात पसरला आणि मिळालं तिला. मी जळते तिच्यावर. तिचं हसू ऐकलं तरी जळते.”

“तुला काय हवंय?” पाळकांनी विचारलं.

“तिला मिळालं ते.”

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मग तेच माग की,” टॉर्मॉड म्हणाले. “मेज लायक माणसांसाठी मांडत असतो तर एक चादर पुरली असती. तुझी इस्त्रीही वाचली असती.”

ती खाली बसली. त्यांनी आणखी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. शेवटी पाळकांनी तिच्या तळहातावर शिशाचा छोटा शिक्का ठेवला. तो असेल त्यालाच मेजाशी बसता येतं.

बाहेरच्या बाकावर एफी होती. “तू आत काय करत होतीस?”

“तुझी चहाडी.”

“मग?”

डोलिनाने मूठ उघडली. एफी आधी हसली, मग रडली. नंतर ती आत गेली आणि चार मिनिटांत शिक्का घेऊन बाहेर आली. डोलिनाला वीस मिनिटं लागली होती. तेही तिला सललंच.

रविवारी दोघी शेजारी बसल्या. भाकर हातोहात फिरते. एकाने तुकडा मोडून घ्यायचा आणि भाकर पुढच्याला द्यायची. डोलिनाच्या उजव्या हाताला एफी होती, म्हणजे भाकर एफीच्याच हातून यायची होती. डोलिनाच्या हे आदल्या दिवशी लक्षात आलं असतं तर तिने जागा बदलली असती.

एफीने भाकर पुढे केली. डोलिनाचे हात मांडीवरून हलेनात. हेवा गेला नव्हता. तो तिच्याबरोबर मेजाशी येऊन बसला होता. पाळक वाट पाहत होते, मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं.

“घे गं,” एफी पुटपुटली.

तिने घेतली. तुकडा मोडला, खाल्ला. आपण कमावलेलं नाही असं काही ती पहिल्यांदाच खात होती, आणि ते सहज गिळलं गेलं. मग डावीकडे वळून तिने भाकर पुढे दिली.