बारशाआधीची बाळं

नोरा केहिल या बाईवर पद्मिनीकाकूंचा भारी जीव. बाई जाऊन जमाना झाला, पण काकू तिच्याबद्दल बोलायच्या त्या अशा, की ती कालच चहाला येऊन गेली असं वाटावं. १९०८ साली शिकागोच्या कत्तलखान्यांमागच्या गरीब वस्तीत, त्या अख्ख्या वॉर्डात ही एकटी नर्स. घाण, चिखल, गाडीवरचं नासकं दूध. उन्हाळा लागला की तान्ही पोरं पटापट जायची. बाई जिने चढून घरोघर जायची, आयांना दूध उकळायला शिकवायची. काय छाती असेल हो तिची! काकूंनीही त्याच भागात उभा जन्म मुलांची डॉक्टरकी केली होती, त्यामुळे ते जिने त्यांच्या गुडघ्यांना चांगले ठाऊक होते.

आता तिथे नवं क्लिनिक होत होतं. त्याला नोराचं नाव द्यावं, असा प्रस्ताव काकूंच्या लेकीने मांडला होता. ही अनिका हेल्थ डिपार्टमेंटमध्ये होती, सदा आकड्यांत बुडालेली. त्यावर कमिटीचं मतदान होतं त्या दिवशी काकू उपनगरातल्या नेपरव्हिलहून ट्रेन पकडून मुद्दाम आल्या.

आणि ऐन वेळी माशी शिंकली. कमिटीतल्या एका गृहस्थाने स्क्रीनवर आलेख लावला. नोरा आली त्या वर्षी वॉर्डातल्या बाळांचा मृत्युदर कमी व्हायचा सोडून चांगला दीडपट झाला होता. "आणि हिचं नाव द्यायचं?" तो म्हणाला. लोक चुळबुळले. अनिकाचा चेहरा उतरला.

"आई, डेटा खरा आहे," ती कुजबुजली. "माझ्याकडे एक्सप्लनेशन नाही यार. गेलं हे."

काकूंना मात्र कारण लख्ख दिसलं. पण ते सांगायचं तर स्वतःचंच सांगावं लागणार, आणि लेक तर शेजारी बसलेली. पण म्हणून त्या बाईच्या कष्टांवर असं पाणी पडू द्यायचं? छे! काकू उठल्या.

"अमेरिकेत यायच्या आधी, सांगलीत, मला एक मूल झालं होतं," त्या म्हणाल्या. "नवव्या दिवशी गेलं. आमच्यात बाराव्या दिवशी बारसं करून नाव ठेवतात. सासूबाई म्हणाल्या, बारसंच झालं नव्हतं, आता विषय काढायचा नाही. मी डॉक्टर, पण मीही गप्प बसले. मुलं किती, असं कुणी विचारलं की एकच सांगते. तेव्हाच्या इथल्या आयाही बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ असंच गिळून टाकत असतील. नोरा दारात जाऊन विचारत होती, लिहून घेत होती. त्या वर्षी बाळं जास्त मेली नाहीत हो, पहिल्यांदा मोजली गेली!"

अनिकाने लॅपटॉप उघडला, थोडा वेळ शोधाशोध केली आणि मान वर केली. वाढलेले जवळजवळ सगळे मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतले होते, असं तिने सांगितलं. त्यानंतर दर वर्षी आकडा खाली येत गेला होता.

मग हात वर झाले. आलेखवाल्या गृहस्थाचाही झाला. काकू मटकन खाली बसल्या. लेकीकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"आई," अनिका हळूच म्हणाली, "भाऊ होता की बहीण?"

"बहीण."

"नाव काय ठेवणार होतीस?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिच्या बापानेसुद्धा नाही.

"शर्वरी," काकू म्हणाल्या, आणि भरल्या सभेत त्यांना हुंदका फुटला.