लाल नाडीची कात्री

मी कापडाची कात्री बोलतेय. मनमाडच्या निम्म्या रेल्वे साहेबांच्या पँटी मी कापल्यात! बरं, निम्म्या नाही, तिघांच्या. त्यातली एक घोट्याच्या वर गेली, पण तो दोष मापाचा, माझा नव्हे.

जन्म माझा मेरठचा. तापलेल्या लोखंडाला ठोकून ठोकून दोन पाती केली आणि मध्ये खिळा मारून त्यांचं जन्मभराचं लग्न लावून दिलं. मग मनमाडला धोंडीराम टेलरांच्या हाती आले. टेबलावर ते जुना पेपर अंथरत आणि त्यावर कापड. कापडाबाहेर जेवढी बातमी दिसायची तेवढी मी वाचायची. म्हणून माझं शिक्षण अर्धवट. चोर कोण ते कळायचं, पकडला का ते कापडाखाली.

टेलरांची नजर थकली, तेव्हा त्यांनी मला लेकीला दिलं. मंजुषा तिचं नाव, नाशकात मखमलाबाद रोडला तिसऱ्या मजल्यावर राहते. देताना माझ्या मुठीला लाल नाडी बांधली नि म्हणाले, "बाई, हिला कापडाशिवाय काही दाखवू नको. कागदसुद्धा नाही."

मंजुषाची वेळ दुपारची. जेवणं झाली, ओटा पुसला, सासूबाई लवंडल्या, की ती जेवणाच्या टेबलावर कापड पसरते. लेक हर्षाली क्लासहून येईपर्यंतच. कधी उशीची खोळ, कधी कुणाच्या बाळाचं झबलं. तेवढ्या वेळात ही बाई गुणगुणते. एरवी तिच्या तोंडून "कुकर बंद करा" एवढंच ऐकू येतं.

पण घरच्यांना ना तिची दुपार दिसते, ना माझी नाडी.

"रिकामीच तर पडलीय," म्हणत सासू कलाबाई माझ्यानं दुधाची पिशवी कापतात. "रिकामीच आहे ना?" म्हणत हर्षाली शाळेच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा कापते. मंजुषानं मला तांदळाच्या डब्यात लपवलं. तिथूनही काढलं हो! मीही काही साधी नाही. कलाबाईंच्या नव्या पातळावर दूध उडवलं, हर्षालीचा किल्ला तिरका कापला. थोडं हसले. पोट नाही भरलं.

खरा हिशेब वाल्मीकरावांशी. मंजुषाचे मालक. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसवर सुपरवायझर, मिशीला रोज पीळ. घोटीला पुतण्याचं लग्न ठरलं होतं. त्यासाठी मंजुषा स्वतःसाठी जाकीट शिवणार होती, तिच्या आईच्या पैठणीचं. साडी घडीवर विरलेली, पण पदर शाबूत. जाकीट निघेल एवढाच तुकडा. आठवडाभर ती नुसतीच मापं घ्यायची, खडूनं खुणा करायची, पुसायची.

आणि आदल्या रविवारी वाल्मीकरावांनी गॅलरीतली जाई बांधायला माझ्यानं तार कापली. तार! पात्याला खाच पडली. मला गुपचूप जागेवर ठेवून दिलं.

सोमवारी दुपारी मंजुषानं मला त्या पदरावर धरलं. मी जीव खाऊन थांबायला बघितलं, पण हात तिचा. खाचेत रेशीम अडकलं आणि मोराच्या मानेपासून काठापर्यंत फर्रकन धागा ओढला गेला. ती खुर्चीत बसली, बोटानं तो धागा परत आत बसवत राहिली. बसणार कसा?

संध्याकाळी वाल्मीकराव म्हणाले, "अगं, जुनीच तर साडी होती. तुझं हे रिकामपणाचं काम, एवढं काय त्यात?"

त्या दिवसापासून दुपारी गुणगुणणं बंद. धारवाला खालून ओरडत गेला, तिनं हाक मारली नाही. मला पुसून बेसिनच्या आरशाजवळच्या फळीवर ठेवलं. मला वाटलं, टाकली मला. बरंच झालं, म्हटलं, इथून शत्रू समोर दिसतो.

लग्नाची सकाळ. खाली गाडी हॉर्न मारतेय. वाल्मीकराव आरशापुढे.

"मंजू, माझी मिशीची कात्री कुठंय?"

मंजुषा आत निऱ्या घालतेय.

"जाऊ दे, ही रिकामीच पडलीय."

या राव, या! खाचेत केस गच्च अडकवले. ते कळवळले, हात हिसडला, आणि मिशीची डावी बाजू बेसिनमध्ये! काय सांगू, खिळा ढिला होईस्तोवर हसले मी.

कलाबाई धावत आल्या. "अरे देवा! लेका, अर्धा कुठं गेला तू? लोकं काय म्हणतील, वरातीत लय हसतील!"

हा सूड माझा एकटीचा, बरं का. एकटीनं केला. आता म्हातारीचं एक ऐका. तुमच्या घरी कुणाची कापडाची कात्री असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका. आणि जिची ती आहे तिच्या दुपारच्या वाटेला तर मुळीच नाही.

वाल्मीकराव तोंडावर टॉवेल धरून ओरडले, "पण माझी कात्री गेली कुठं?"

मंजुषानं शांतपणे साडीला पिन लावली.

"स्वयंपाकघरात आहे, अहो. दुधाच्या पिशव्या कापायला ठेवलीय. रिकामीच तर पडली होती."