शिल्पासमोरचा तांबडा कोन

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही गं," विभा माझ्याशेजारच्या बाकावर टेकत मैत्रिणीला म्हणाली. "सेन्सेई म्हणतात, एप्रिलपासून आमची सई बालवाडीत चकार शब्द बोललेली नाही. माझंच काहीतरी चुकत असणार."

मी बोलतोय तो जपानातल्या तोयोसुच्या चौकातला तांबडा कोन. रस्ता खणला की ठेवतात ना, तसला, प्लॅस्टिकचा. साच्यातून मिनिटभरात निघालो, माझ्यासारखे हजारो. समोरचं ते स्टीलचं शिल्पही खाली रुंद, वर निमुळतं. घडण माझीच! पण त्याला घडायला दोन वर्षं लागली. ऊन कुठून पडतं ते बघायला शिल्पकार तीनदा येऊन गेले. भोवतीची मोकळी जागासुद्धा म्हणे त्याचाच भाग. मी एका फुटक्या फरशीपायी दोन दिवसांसाठी आलो. फरशी बदलली, मला न्यायचं राहिलं.

त्याला मऊ फडक्याने पुसतात, मला पाऊस धुतो. फोटो काढणारे मला अदबीने उचलून बाजूला करतात आणि फोटो झाला की बरोब्बर त्याच जागी आणून ठेवतात. अरे, कुणी घेऊन तरी जा! नुसता जळफळाट होतो.

"तुझा नंदू बघ, पोपटासारखा जपानी बोलतो," विभा म्हणाली. "खोटं कशाला बोलू ईश्वरी, जळते मी."

"मग घेऊन जा की त्याला! घरी मराठीत 'भूक' सोडून दुसरा शब्द काढत नाही तो."

विभा हसली, पण डोळे सईवरच. दोघींचे नवरे समोरच्या टॉवरमधले सॉफ्टवेअरवाले, मुलं एकाच वर्गात. पण मला विभाच सख्खी वाटली.

आज अख्खा वर्ग शिल्पाचं चित्र काढायला आला होता, आयांसकट. सेन्सेईंनी टाळी वाजवली, तशी मुलं फतकल मारून बसली. सई मात्र कागद टाकून थेट माझ्याकडे आली आणि तिने मला दोन्ही हातांनी कवटाळलं.

विभा अर्धवट उठली. मी शिल्पाकडे बघितलं. बस आता चकाकत!

सईने मला उचललं, चार पावलं फरफटत नेलं, नीट टेकवलं आणि सगळ्या वर्गादेखत खणखणीत जपानीत म्हणाली, "कोन-सान, तुम्ही इथे थांबा हं. तुमच्यामुळे ते दिसत नाहीये."